आईचं बोलणं टिपून ठेवताना : नोव्हेंबर ते एप्रिलच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

आज सुरुवात केली, आणि चुकीच्या दिवशी केली.

आधी थोडी माहिती, म्हणजे पुढचं समजेल. आईचं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९५०. लग्नानंतर ती लालबागला आली. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि आई १९८२ चा गिरणी संप होईपर्यंत खानावळ चालवत होती. मला एवढंच माहीत होतं. वडील २०१९ मध्ये गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे एका लग्नाच्या चित्रफितीत आहे, त्यात ते मंडपात कुणाला तरी "पाण्याचं बघा रे" एवढंच म्हणतात. त्या तीन शब्दांसाठी मी ती चित्रफीत किती वेळा लावली असेल, मोजलेलं नाही. आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे तेव्हापासून मनात होतं, पण पाच वर्षं गेली.

आज मामा, मावशी, भाऊ, वहिनी, पोरं सगळी घरी होती. वाटलं, सगळे आहेत तर रंगेल. जेवणं झाल्यावर फोन मधोमध ठेवला आणि आईला म्हटलं, "सांग तुझ्या लहानपणाचं." ५२ मिनिटं रेकॉर्डिंग झालं. रात्री ऐकलं तर त्यात आईचा आवाज जेमतेम चार मिनिटं. बाकी थोरला मामा, माझा भाऊ आणि पोरांचा टीव्ही. आईने "आमच्या घरापुढं फनस व्हता" म्हणायला आणि मामाने "तो फणस नव्हं, तो शेजारच्यांचा" म्हणायला एकच गाठ पडली. त्यानंतर ती बोलायचीच थांबली.

पहिला नियम ठरवला: आई आणि मी, दोघीच.

९ नोव्हेंबर

दुपारी दोघीच. मी ६० प्रश्न छापून नेले होते. बालपण, शिक्षण, लग्न, नोकरी, सण, आवडीनिवडी, असे विभाग पाडलेले. आईला खुर्चीवर बसवलं, समोर कागद धरला. बालपण कसं होतं? "बरं व्हतं." शाळा आवडायची का? "आवडायची की." लग्न झालं तेव्हा काय वाटलं? "काय वाटायचं? समद्यांचं हुतं, माझं झालं." कोयनेचा भूकंप आठवतो का? "आठवतो ना. घर पडलं." पुढे काहीच नाही.

४० मिनिटांत ६० प्रश्न संपले. मला रडू येत होतं, कारण एवढ्या मोठ्या बाईचं आयुष्य मी सरकारी अर्जासारखं भरून घेत होते आणि तीही बिचारी रकाने भरल्यासारखी उत्तरं देत होती. त्यात पंखा चालू होता. ऐकताना सगळ्या बोलण्यामागे घूंऽऽ असा एकसारखा आवाज येतो. तो नंतर काढता येतो म्हणतात. मी काढून पाहिला तर आईचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला. पंखा बंद करूनच रेकॉर्ड करा, घाम आला तरी चालेल.

१६ नोव्हेंबर

आज चांगलं झालं होतं, आणि ते गेलं.

आई तांदूळ निवडत होती. मी प्रश्नांचा कागद नेलाच नाही. सुपाकडे बघून सहज विचारलं, "लग्नात तुला रुखवतात सूप दिलं होतं का गं?" त्यावरून लग्न निघालं. पाऊण तास ती बोलत होती. बैलगाडीचं चाक ओढ्यात रुतलं ते, हळदीच्या साडीला कुणीतरी विस्तव लावला ते, पाहुण्यांसाठी भाताचा अंदाज चुकला आणि आजीने शेजारच्या चार घरांतून शिजलेला भात गोळा केला ते. मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मध्ये मला एक फोन आला. मी तो कट केला आणि पुढे ऐकत राहिले. घरी येऊन बघते तर फोन येताच रेकॉर्डिंग थांबलं होतं. हातात फक्त पहिली दहा मिनिटं. पस्तीस मिनिटं गेली.

उपाय अगदी साधा आहे, तो आधी सुचला नाही याचं वाईट वाटतं: फोन विमान मोडवर टाकायचा. दुसरं म्हणजे दर दहा मिनिटांनी पडद्यावरचे आकडे पळतायत ना, ते बघायचं.

१७ नोव्हेंबर

दुसऱ्या दिवशी लगेच आईला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. सहा मिनिटांत संपली. बैलगाडी आली, भात आला, पण साडीचा विस्तव आला नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "हां, ते बी झालं." एकदा मनापासून सांगून झालेली गोष्ट दुसऱ्या दिवशी तशी येत नाही. मी आदल्या रात्रीच बसून आठवेल ते लिहून काढायला हवं होतं. आज लिहिलं, तोवर बरंच विस्कटलं होतं.

२४ नोव्हेंबर

कॉलरला लावायचा माइक आणला, ८५० रुपये. माझ्या फोनला जुनं गोल भोक नाही, म्हणून जोडणीची पिन वेगळी घ्यावी लागली, आणखी ३५०. पहिली पिन चालली नाही. त्या पिनेतून गाणी ऐकू यायची, पण माइकचा आवाज आत जायचा नाही. ती परत दिली, दुसरी आणली. यात आठवडा गेला.

माइक आईच्या पदराला लावला. ऐकते तर सतत खसखस. आई बोलताना पदर सावरते, दर मिनिटाला एकदा तरी. दुसऱ्या वेळी ब्लाउजच्या गळ्याशी मधोमध लावला, तर मंगळसूत्राचे मणी माइकवर टकटक आपटायला लागले. शेवटी पदर नसतो त्या बाजूला, उजव्या खांद्याजवळ ब्लाउजला चिमटा लावला, वायरीचा एक छोटा वेढा करून तो सेफ्टी पिनने अडकवला. आता आवाज स्वच्छ येतो. हातातल्या काचेच्या बांगड्यांचा आवाज येतोच, तो मी राहू दिला. तो आईचाच आवाज आहे.

रेकॉर्डिंगचं ॲप बदललं. आधीचं आपोआप दाबून लहान फाइल करत होतं. आता वेव्ह स्वरूपात ठेवते. तासाला ३०० एमबीच्या वर जागा लागते, पण एकदाच करायचं काम आहे. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. पहिली दोन रेकॉर्डिंगं भावाला साधी ऑडिओ म्हणून पाठवली होती, ती चूक झाली.

१ डिसेंबर

आजचा दिवस सगळ्या कामाचा सूर लावणारा ठरला.

मेथी निवडायला बसलो. वर्षं विचारायची नाहीत, हातात काय होतं ते विचारायचं, असं मनाशी ठरवून गेले होते. विचारलं, "खानावळीत पहिलं भांडं कुठलं घेतलंस?" आईचे हात थांबले. म्हणाली, "पितळंचं पातेलं. दोन पायली भात बसायचा त्यात. वटीभरणीला आयनं दिल्यालं डोरलं मोडून घेतलं." आणि मग ती थांबलीच नाही.

दहा बाय बाराची खोली. त्यात आम्ही, आजोबा आणि जेवायला येणारे २२ जण. सगळे वडिलांच्या गिरणीतले आणि आसपासचे, बहुतेक सातारा-कोल्हापूरकडचे, बायकापोरं गावाला ठेवून आलेले. पहिल्या पाळीच्या लोकांचे डबे सकाळी सातच्या भोंग्याच्या आत भरायचे, म्हणून ती तीनला उठायची. दुसऱ्या पाळीचे लोक रात्री बारानंतर जेवायला यायचे. मधल्या वेळात ती झोपायची कधी, हे मी विचारलं. म्हणाली, "भाकरीचं पीठ मळताना डोळा लागायचा. हात चालायचं."

१९७२-७३ साली राशनवर लाल मिलो मिळायची. तिची भाकरी थापली की कडेने चिरायची. आई म्हणाली, जेवणारे रागावले नाहीत, कारण त्यांच्या गावाकडच्या घरी ती पण नव्हती. ही ओळ मी तीन वेळा ऐकली.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं, हे मी वाचलेलं होतं. आईही त्यात होती हे मला माहीत नव्हतं. मी ४४ वर्षांची आहे आणि माझ्या आईने स्वतःच्या सहीने बँकेचं कर्ज काढून फेडलं, हे मला आज कळलं. "सही करताना हात कापत व्हता. पर आंगठा न्हाय दिला." चौथीपर्यंत शिकल्याचा तिला असा उपयोग झाला.

बोलता बोलता उठली आणि लोखंडी ट्रंकेतून एक वही काढून आणली. उधारीची वही. लाल कापडी पुठ्ठा, कडा वाळवीने खाल्लेल्या. तिच्याबद्दल पुढे लिहीन, कारण आज मेथी तशीच राहिली आणि रेकॉर्डिंग १ तास ५० मिनिटांचं झालं. एका बैठकीला हे फार झालं. संध्याकाळी आईचा आवाज बसला होता. यापुढे ४५ मिनिटांनंतर थांबायचं, ती म्हणाली तरी थांबायचं.

७ आणि ८ डिसेंबर

दोन दिवस वहीवर गेले. प्रत्येक पानाचा फोटो काढला. सुरुवातीला दिव्याखाली काढले तर पानावर माझ्याच हाताची सावली. खिडकीपाशी, ऊन थेट पडत नाही अशा जागी, सकाळी दहाच्या सुमारास काढले तेव्हा अक्षर उठून आलं. ९४ पानं.

वहीत प्रत्येकाला एक पान. महिन्याचे पैसे सुरुवातीला ४५ रुपये दिसतात. पैसे आले की बरोबरची खूण. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत असतं. वहीत ते असं दिसतं: जानेवारीला काहींच्या पुढे अर्धे पैसे. फेब्रुवारीला खुणाच नाहीत. मार्चमध्ये माणसं गावी गेली तशी पानं कोरी होत गेली. पण जे राहिले त्यांच्या पुढे एप्रिल, मेमध्येही जेवणाचे दिवस मांडलेले आहेत, पैसे शून्य. शेवटची नोंद ९ जून १९८२. एकूण येणं राहिलं ६,३४० रुपये.

आईला विचारलं, पैसे येत नव्हते तर जेवायला का घातलं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रश्नाची लाज वाटली. "काल माझ्या हातचं जेवलाय त्यो. आज त्याला दार लावू व्हय?" त्यानंतर भांडी विकली. ते पातेलंही.

आणखी एक गोष्ट फोटो मोठे करून बघताना दिसली. सहा पानांवर वेगळ्या शाईने 'फिटले' असं लिहून तारीख टाकली आहे. शेवटची तारीख १९९१ मधली. म्हणजे नऊ वर्षांनी कुणीतरी येऊन जेवणाचे पैसे देऊन गेलं होतं. आईला तो माणूस आठवतो. त्याने पैशांबरोबर एक नारळ आणला होता.

या वहीतल्या लोकांची नावं मी कुटुंबाच्या प्रतीतही झाकली आहेत. त्यांची उधारी ही त्यांची गोष्ट आहे.

१५ डिसेंबर

उतरवून काढायला बसले. एका तासाच्या बोलण्याला मला सहा तास लागतायत. फोनमधलं बोलून टाइप करण्याचं साधन वापरून पाहिलं. वेग वाढला, पण ते आईचं 'व्हतं' आपोआप 'होतं' करतं, 'म्हून'चं 'म्हणून' करतं, आणि 'साचेखातं' वगैरे शब्द आले की काहीही लिहितं. मला सुरुवातीला वाटलं, बरंच आहे, शुद्ध होतंय. उरलेलंही मीच शुद्ध करत गेले. २२ पानं तयार झाली.

आईला वाचून दाखवली. दुसऱ्याच पानावर तिने हात वर केला. "हे कोन बोलतंय?" मी म्हटलं, तूच. "मी न्हाय. ही कुनी बाईमास्तरीन बोलतीया."

तिचं बरोबर होतं. मी तिचं आयुष्य ठेवलं आणि तिला काढून टाकलं. २२ पानं बाजूला ठेवली, १८-२० तासांचं काम होतं. आता ती बोलते तसंच लिहिते: व्हतं, न्हाय, तवा, आमास्नी. कुठला शब्द आताच्या मुलांना कळणार नाही असं वाटलं तर शेवटी त्याचा अर्थ देते. भावाचं म्हणणं होतं की लोक हसतील. मी त्याला फक्त ध्वनी ऐकवला आणि कागद वाचायला दिला. मग तो काही बोलला नाही.

१२ ते १४ जानेवारी २०२५, गावी

संक्रांतीला आईला गावी घेऊन गेले. मनात एकच होतं, जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांच्या संग्रहात प्रत्येक ओवीसोबत म्हणणारीचं नाव आणि गाव असतं, ते वाचूनच मला हे सुचलं होतं. मुंबईत आईला दोनदा म्हटलं होतं, म्हण ना. "आठवत न्हाय गं" हेच उत्तर.

मामाच्या पडवीत जुनं जातं पडून होतं. खुंटा नव्हता. गावातल्या सुताराने अर्ध्या तासात बाभळीचा घालून दिला, पैसे घेतले नाहीत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला पाटावर उशी ठेवून बसवलं, समोर मावशी. मूठभर नाचणी घातली. दोन-तीन फेरे झाले आणि आईच्या तोंडून ओवी आली, मला काही विचारावंच लागलं नाही:

गिरणीचा गं भोंगा, भोंगा वाजतो परळात
माझ्या गं जात्याची घरघर ऐके कोण माळात

तिच्या चुलतीने रचलेली, चुलता मुंबईला होता म्हणून. वीस मिनिटांत १७ ओव्या झाल्या. रेकॉर्डिंगमध्ये मात्र जात्याच्या घरघरीखाली अर्ध्याहून जास्त शब्द बुडाले. दुसऱ्या दिवशी जातं रिकामं, दाणे न घालता, हळू फिरवायला सांगितलं. घरघर उलट वाढली. मग एक युक्ती चालली. ओवी म्हणून झाली की जातं थांबवायचं, पण हात खुंट्यावरच ठेवायचा आणि तीच ओवी पुन्हा नुसती म्हणायची. खुंट्यावरून हात काढला की शब्द अडायचे. असं का होतं ते मला सांगता येत नाही, पण प्रत्येक वेळी तसंच झालं.

आणि १३ तारखेला, तसाच हात खुंट्यावर असताना, आई एकदम म्हणाली, "आसंच बसल्यालो आमी, भूकंपाला."

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगरचा भूकंप. नोव्हेंबरात मी विचारलं तेव्हा "घर पडलं" एवढंच मिळालं होतं. आता तिने सांगितलं ते तसंच ठेवते:

"मी आन आय दळाय बसल्यालो. आंधार गुडुप. चिमनी ल्हान क्येल्याली. येकदम घरघर वाडली. मला वाटलं दानं संपलं, जातं मोकळं फिरतंय. मूठ घातली तरी घरघर थांबंना. जातं घरघरतंय का भुई, त्येच कळंना. आयनं माझा हात खुट्यावरनं वढला, आन मागची भित आत पडली. आमी पडवीत व्हतो म्हून. बा आन पोरं खळ्यावर राखनीला झोपल्याली म्हून. नायतर कोन व्हतं सांगाय?"

सकाळी कुणीतरी ओरडत आलं की धरण फुटलं. सगळं गाव गुरं सोडून डोंगरावर पळालं. धरण फुटलं नव्हतं. संध्याकाळी खाली आले तेव्हा आजीने पडलेल्या भिंतीच्या दगडांखालून पहिल्यांदा जातं काढलं, कारण पीठ लागणार होतं. ते हेच जातं. वरच्या तळीला एक टवका उडालेला आहे, मी लहानपणापासून तो बघत आले आणि कधी विचारलं नाही.

माझ्या ६० प्रश्नांत 'जातं' हा शब्द एकदाही नव्हता.

१५ जानेवारी

परतीच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी गेले. आईचा खरा जन्मदिवस शोधायचा होता. तिच्या वयाच्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत घालताना गुरुजींनी ती तारीख घातलेली असते. आई स्वतः म्हणते, "दिवाळी झाल्याली, भात कापाय आल्यालं." म्हणजे जून नव्हेच.

गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीला लोक कोतवाल बुक म्हणतात. तिची नक्कल मागायला लेखी अर्ज लागतो, त्यात गाव, वर्ष आणि वडिलांचं पूर्ण नाव लागतं. मी नुसती जाऊन उभी राहिले. अर्ज लिहिला, तिकीट लावलं, पुन्हा यायला सांगितलं. चूक माझीच होती.

२ फेब्रुवारी

पुन्हा फेरी. एसटी, जेवण, एक रात्र मामाकडे, एकूण १,४०० रुपये. नक्कल मिळाली. १९४८ ते १९५२ अशी वर्षं मागितली होती. आजोबांच्या नावापुढे १९४८ च्या नोव्हेंबरात 'मुलगी' अशी नोंद सापडली. मुलीचं नाव नाही. त्या पानावरचा मजकूर मोडीत होता, वाचून देणाऱ्यांनी दोन पानांचे ६०० रुपये घेतले. दिवाळीनंतर, भात कापणीला, सगळं जुळलं. मी आनंदाने भावाला फोन केला की आई ७४ ची नव्हे, ७६ ची आहे. त्याच रात्री वंशावळीच्या कागदावर तारीख टाकली.

मनात एक बारीक शंका राहिली. भूकंपाच्या वेळी आई १९ वर्षांची, तर तोवर लग्न कसं झालं नव्हतं? तिच्या वेळी त्या भागात ते अवघड होतं. मी ती शंका बाजूला सारली. सारायला नको होती.

२२ फेब्रुवारी

आई आणि मावशी, दोघींचं एकत्र रेकॉर्डिंग. दोघींना दोन माइक नाहीत, म्हणून फोन उशीवर मधोमध. पहिल्या नियमाला मी इथे मुरड घातली, कारण या दोघी एकमेकींना गप्प करत नाहीत, उलट एक अडली की दुसरी पुढे नेते.

मी मिळालेली तारीख मावशीला सांगितली. मावशी म्हणाली, "ती कुठली ही? ती हिच्या आदीची."

आईच्या आधी एक मुलगी झाली होती. दीड वर्षाची होऊन गेली. मी आईकडे पाहिलं. तिला माहीत होतं. मी नोव्हेंबरात तिला विचारलं होतं, "तुम्ही भावंडं किती?" तिने पाच सांगितली होती.

"तू भावंडं इचारलीस. मी हायती ती सांगितली."

मग मी प्रश्न बदलला. आजीची बाळंतपणं किती झाली? दोघींनी बोटांवर मोजली. सात. आईच्या आधीची ती, आणि मधला एक मुलगा, तो सहा दिवसांचा.

नक्कल पुन्हा काढून नीट पाहिली. सगळं तिथेच होतं. १९५० मध्ये त्या पहिल्या मुलीची मृत्यूची नोंद, आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये पुन्हा 'मुलगी'. ती मुलगी म्हणजे माझी आई. मी जन्माच्या पानावर हवं ते सापडलं म्हणून पुढची पानं वाचलीच नव्हती. भूकंपाला ती १६ वर्षांची होती. तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी नुकती सुरू झाली होती, हे ती पहिल्यापासून सांगत होती.

भावाला पुन्हा फोन केला.

१६ ते २३ मार्च

सातबारावर आजोबांनंतरच्या वारस नोंदीत मामांची नावं कब्जेदार म्हणून आणि आई-मावशीची 'इतर हक्कात' दिसतात. पुढच्या फेरफाराने तीही निघाली आहेत, हक्कसोड केल्यामुळे. मी कागद समोर ठेवून विचारलं. कागद समोर ठेवायला नको होता, ती दचकली. माइक काढायला लावला. नंतर अर्धा तास जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. आठवड्याने तिने स्वतःच सांगितलं की ते रेकॉर्ड करून ठेव, पर मी गेल्यावर आन भाऊबी गेल्यावरच उघडायचं. ते वेगळ्या फाइलमध्ये आहे. फाइलच्या सुरुवातीला तिच्याच आवाजात ही सूचना आहे, म्हणजे पुढे कुणी माझ्यावर अवलंबून राहायला नको.

बाळंतपणांबद्दलचीही एक फाइल अशीच बंद आहे. ती फक्त घरातल्या बायकांसाठी.

३० मार्च, पाडवा

आज फोटोंचं काम आटोपलं. ६८ फोटो. चिकट पानांच्या अल्बममधले निघत नव्हते. ओढून काढताना वडिलांचा गिरणीच्या गेटवरचा फोटो कोपऱ्यात फाटला. तो एकच होता. नंतर फोटो आणि पान यांच्या मधून शिवणाचा रेशमी दोरा करवतीसारखा फिरवला, मग सगळे सुटले. जे अजूनही सुटले नाहीत ते पानासकटच ६०० डीपीआयला स्कॅन केले. प्रत्येक फोटो आईला दाखवून मागचं-पुढचं कोण ते तिच्या आवाजात घेतलं. फोटोच्या पाठीवर पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मी एकावर लिहून बसले.

खर्च आजवर: माइक आणि पिन १,२००, एक टीबीची हार्ड डिस्क ४,६००, प्रवास, अर्ज आणि नकला मिळून ३,९००, मोडी ६००, स्कॅनिंग १,३६०. एकूण ११,६६०. प्रती तीन: एक हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठवणीत, एक भावाच्या घरी पेनड्राइव्हवर. भावाकडची उघडते का ते आज त्याला फोनवर धरून तपासलं. दोन फाइली अर्धवट उतरल्या होत्या.

२० एप्रिल

एकूण १४ बैठका, ११ तास २० मिनिटं. उतरवून झालं सात तासांचं.

काल रात्री साडेनऊला आईचा फोन आला. ती स्वतःहून सहसा एवढ्या उशिरा करत नाही. म्हणाली, मावशीशी बोलले, तिलाबी ठावं नव्हतं, मग गावाकडच्या म्हाताऱ्या आत्याला इचारलं. त्या पहिल्या मुलीचं बारसं झालं होतं. नाव होतं. तिने मला ते दोनदा सांगितलं आणि लिहिलं का म्हणून विचारलं.

आज ते नाव वंशावळीत घातलं. आईच्या चौकटीच्या डावीकडे एक चौकट वाढली, आणि मधल्या सहा दिवसांच्या मुलासाठी आणखी एक, त्याला नाव नाही. त्यामुळे त्या पिढीची सगळी ओळ उजवीकडे सरकवावी लागली आणि कागद ए-थ्रीवर मावेना. छपाई आता मोठ्या आकारात, पुढच्या शनिवारी.